देवकाबाईचा धूर

सासू-सुनेचं भांडण ऐकायला आमच्या चिचटोल्यात कान टवकारून बसावं लागत नाही. घरं एकमेकांना इतकी खेटलेली आहेत की इकडे मिरची फोडणीत पडली की तिकडे शिंक येते. त्यात आमचं घर देवकाबाईच्या घराला लागून. मधे कुडाची एक भिंत, तीही वाळवीनं अर्धी खाल्लेली. त्यामुळे त्या दिवशी सकाळी जे झालं ते मी तोंड धुता धुता सगळं ऐकलं.

"अवं, धूर नाई त घर काहाचं व्हय ते?" देवकाबाई ओरडत होती. "मसनातही धूर राह्यते!"

"मसनात राह्यते म्हनूनच म्हंते मी, इथी नोको!" सून चंदा आतून खोकत खोकत म्हणाली.

"माहा जलम गेला ह्या धुरात. मले काही झालं का?"

"डोये पाहा ना तुमचे आत्याबाई. आरशात पाहा एकडाव. पिकल्या भोकराच्या वानी झाले."

यावर देवकाबाईनं पितळी आपटली. तिचा लेक हरिदास गुपचूप जाळं खांद्यावर टाकून तलावाकडे निघाला. बायको आणि आई दोघींपैकी कोणाची बाजू घ्यावी हे ज्याला ठरवता येत नाही, त्याला मासे फार लवकर सापडतात. पावसाळा असो नाहीतर थंडी, हरिदास पहाटेच पाण्यात.

आता देवकाबाईचंही काही अगदी चुकत नव्हतं. तिच्या चुलीवर बांबूची एक ताटी टांगलेली होती. लेकानं तलावातून आणलेले शिंगाडे मासे, झिंगे, मरळीचे तुकडे त्या ताटीवर पसरून ती खालून धूर द्यायची. दोन-चार दिवसांत मासा असा खमंग तांबूस व्हायचा की अहेरीच्या बाजारात तिनं टोपली उघडली की बायका भाव विचारायच्या आधी वास घ्यायच्या. उन्हात वाळवलेला मासा कोणीही विकतो. धुरातला मासा फक्त देवकाबाईचा. नवरा बाबुलाल तापानं गेला तेव्हा हरिदास रांगत होता. त्याला तिनं याच ताटीवर वाढवला. म्हणून ती ताटीकडे बघायची ते आपण देव्हाऱ्याकडे बघावं तसं.

आणि चंदाचंही चुकत नव्हतं. ती भद्रावतीची पोर. तिचा बाप तिथल्या कारखान्याच्या कॉलनीत झाडांना पाणी घालायच्या कामावर. घर लहान, पण ओट्यावर गॅस. बटण फिरवलं की निळी फुलं. तिथून ती आली आमच्याकडे, श्रावणातल्या ओल्या लाकडांसमोर. फुंकणीनं फुंकून फुंकून तिचे डोळे सुजायचे. त्यात दिवस गेलेले. सातव्या महिन्यात माहेरी निघाली, तेव्हा बैलगाडीत बसता बसता सासूला म्हणाली,

"आत्याबाई, राग मानू नोका. पन लेकरू मी ह्या धुरात आननार नाई. घरात एक त तो धूर राहीन, नाई त आमी राहू."

देवकाबाई एरवी कोणाचं उधार ठेवत नसे. शब्दाला शब्द तिथल्या तिथे द्यायची. त्या दिवशी मात्र गाडी चिचेच्या वळणाआड गेली तरी ती दारात उभीच होती. माझी बायको म्हणाली, "गोमाशी चावली काय तिले?" मी म्हटलं, गोमाशी नाही, नातवंड चावलं.

*

दिवाळी झाली आणि आमचे सरपंच लटारूभाऊ अहेरीहून एक नवीन शब्द घेऊन आले. लटारूभाऊ तालुक्याला गेले की रिकाम्या हातानं येत नाहीत. एकदा 'साक्षर' आणलं होतं, एकदा 'हागणदारी' आणली होती. या खेपेला 'धूरमुक्त गाव' आणलं. निवडून आल्यावर शिवलेला सफारी त्यांनी अंगावर चढवला आणि चिचेखाली सभा भरवली. मागून जीप आली. जीपमधून साहेब उतरले. साहेब तरणे होते, बूट चकचकीत होते आणि पॅन्टची घडी अशी होती की तिच्यावर भाजी चिरावी.

साहेब म्हणाले, "बंधू-भगिनींनो, आपल्या घराचा पर्यावरणावर काय परिणाम होतो याचा आपण कधी विचार केला आहे का? आपल्या चुली जंगल खातात. प्रत्येक घर पर्यावरणपूरक झालं पाहिजे. सुधारित चूल लाकूड कमी घेते. धूर नळीवाटे बाहेर जातो. माताभगिनींचे डोळे वाचतात, जंगल वाचतं."

नेमकं त्याच वेळी सडकेवरून सागाचे ओंडके भरलेले ट्रक गेले, एकामागे एक. त्यांच्या मागून बांबूचे. धूळ इतकी उडाली की साहेबांना बोलणं थांबवून रुमाल तोंडाला लावावा लागला. धूळ बसल्यावर इसरू उठला. इसरू म्हणजे गावाची जीभ. जिथे गप्प बसावं तिथेच ती वळवळते.

"साहेब, आमी त वाळल्या काड्या आनतो. हे टरक भरभरून चालले, ते कोनाच्या चुलीत चालले मंग?"

"ते शासकीय लाकूड आहे," साहेब म्हणाले.

"असं असं. त्याचा धूर होत नसंल."

लटारूभाऊंनी इसरूला डोळ्यांनीच खाली बसवलं. मग सांगितलं की सगळ्या गावानं नवी चूल बसवली तर तालुक्याच्या सभेत सत्कार होईल, काचेत मढवलेलं प्रमाणपत्र मिळेल आणि चिचटोल्याचं नाव होईल. तर पहिली चूल कोणाच्या घरी?

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. चूल मोडायची म्हणजे काही खेळ नाही. नव्या चुलीनं दगा दिला तर पोरं काय खातील? आणि मग मागून आवाज आला,

"माह्या घरी बसवा."

सगळ्या माना मागे वळल्या. देवकाबाई! जिच्या घरच्या धुरानं आमचे सुद्धा कपडे माशाचा वास मारत होते ती देवकाबाई!

"तुह्या घरी?" लटारूभाऊंना वाटलं थट्टा चालली आहे. "आन् तुहे मासे वो देवकाबाई?"

"माशाचं मी पाहीन. तुमी चूल आना."

त्याच संध्याकाळी तिनं आपल्या हातानं ताटी खाली उतरवली. वर्षानुवर्षांच्या काजळीनं ती काळीकुट्ट, तेल लावल्यागत चमकत होती. तिनं ती पुसली, भिंतीला उभी केली आणि तिच्याकडे पाठ करून बसली. कुडाच्या फटीतून मी हे पाहिलं. मला तिची दया आली, आणि मला दया येणं ही आमच्या घरात नवलाची गोष्ट आहे.

*

चुली बसवायचं काम डोमा गवंड्याकडे होतं. त्याला तालुक्याला नेऊन शिकवून आणलं होतं. त्यानं देवकाबाईच्या घरी दोन तोंडांची चूल घातली, मागून सिमेंटची नळी उभी केली आणि मग तो वर पाहत डोकं खाजवत बसला. नळी संपली होती आणि छप्पर अजून बरंच वर होतं.

"आखुड हाये गा ही," हरिदास म्हणाला.

"माप वरून आलं हाये."

"कुठून, छपरावरून?"

"मोठ्या हापिसातून. तिकडच्या घराच्या मापानं करते ते. तिकडं वरते स्लॅप राह्यते म्हंते." स्लॅब म्हणायचं होतं त्याला. "जेवढी देल्ली तेवढी बसवाची. जादा देल्ली नाई त मी काय माहा हात लावू तिथी?"

आता देवकाबाईच्या घराची एक गंमत होती. बाबुलालला प्राणहितेच्या पुराची फार धास्ती. त्यानं स्वयंपाकघरावर बांबू टाकून, वरून जाड मातीचा लेप देऊन भक्कम माळा केला होता. पूर आला तर धान आणि जाळी वर राहावीत म्हणून. गावात असा माळा दुसऱ्या कोणाकडे नाही. तेव्हा आम्ही सगळे त्याला हसलो होतो, तलावाच्या काठी राहतो आणि नदीला भितो म्हणून. तर डोमाची नळी त्या माळ्याला भोक पाडून जेमतेम वर पोचली आणि तिथेच संपली. ठिणगी उडू नये म्हणून डोमानं तिच्या तोंडावर फुटक्या मडक्याचं खापर ठेवलं, चुन्याच्या हातानं कपाळाला घाम पुसला आणि तो पुढच्या घरी गेला.

पुढच्या घरांना माळे नव्हते. नळी खोलीतच संपायची. आधी धूर चुलीच्या तोंडातून यायचा, आता डोक्याच्या वरून यायला लागला, एवढीच सुधारणा. चार दिवस लोकांनी सोसलं. मग एकेकानं मागच्या पडवीत जुने तीन दगड पुन्हा मांडले. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ते काही खोटं नाही, फक्त आमच्याकडे प्रत्येक घरी दोन-दोन झाल्या. एक शिजवायला आणि एक सरकारला दाखवायला. आमच्या नव्या चुलीत कोंबडी अंडी उबवायला बसली. इसरूनं आपल्या चुलीवर देव मांडले. लटारूभाऊंच्या घरच्या चुलीला रंग देऊन त्यावर तुळशीची कुंडी ठेवली होती. तालुक्याला मात्र कळवलं गेलं की सगळं गाव नव्या चुलीवर शिजवतं आहे.

खरोखर नव्या चुलीवर शिजवणारी एकटी देवकाबाई. तिच्या स्वयंपाकघरात धुराचा मागमूस नव्हता. तिनं भिंती पांढऱ्या मातीनं पोतारल्या, सारवलं, नातवंडासाठी झोळी बांधायची जागा केली. पण ताटी भिंतीलाच उभी होती. तिनं मासे अंगणात उन्हात घातले. नेमकं आभाळ आलं, तीन दिवस झिमझिम पडली आणि सगळ्या माशांत अळ्या झाल्या. तिनं टोपली तशीच उचलली आणि तलावाच्या पाळीवर नेऊन कावळ्यांपुढे ओतली. परत येताना रडत होती. रडणं लपवायला तिच्याकडे आता धूरही नव्हता.

त्या बाजाराला ती गेली नाही. पुढच्याही नाही.

मग एक दिवस हरिदासनं मोठं जाळं मागितलं. ते माळ्यावर होतं. शिडी लावून देवकाबाई वर गेली आणि वरूनच बोंबलली, "मेलो वं माय!" हरिदास धावला. मीही भिंतीपलीकडून धावलो. पाहतो तर बाई शिडीवर, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि हसतेय.

"हरिदासा, धूर अथी हाये रे! सारा धूर अथीच येऊन बसला! मी म्हनो, गेला कुठी?"

खालचा सगळा धूर नळीतून माळ्यावर जात होता, तिथे कोंडून राहत होता आणि मग छपरावरच्या कवेलूंच्या फटीतून जमेल तसा बाहेर पडत होता. कोणी अक्कल चालवून केलेलं नव्हतं ते. मोठ्या हापिसाची आखुड नळी आणि बाबुलालची पुराची भीती, दोन चुका एकमेकींना भेटल्या होत्या. देवकाबाईनं तिथल्या तिथे खाली हात केला.

"ताटी दे वर."

पुढच्या बाजारात तिची टोपली होती. आणि हरिदासनं अहेरीच्या एसटीडीवरून भद्रावतीला, चंदाच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला होता. मुलगी झाली होती. हरिदास म्हणाला, "धूर नाई आता घरात. मायची शपथ. ये."

"पाहीन," चंदा म्हणाली. "खोटं असंल त उलट्या पावली परत जाईन."

*

दोन हजार साल नुकतंच लागलं होतं. माघाच्या थंडीत साहेबांची तपासणी ठरली, आणि नेमकी त्याच दिवशी चंदा लेकीला घेऊन येणार होती.

आदल्या संध्याकाळी लटारूभाऊ घरोघर फिरले. त्याआधी रात्रभर विचार करून त्यांनी एक गोष्ट ताडली होती. गाव धूरमुक्त म्हणजे गावात धूर दिसायला नको. मग तो नळीतून निघो का दारातून. धूर तो धूरच.

"उद्या सकायपासून साहेब जाईपर्यंत कोनीबी चूल पेटवाची नाई," त्यांनी हुकूम दिला. "ना नवी, ना जुनी. बिडी सुद्धा नाई."

"आन् खाचं काय?" माझी बायको म्हणाली.

"शिळं खा. गावासाठी एक दिवस शिळं नाई खाता येत?"

"आन् साहेब? त्याले शिळं देसान?"

याचीही तजवीज होती. साहेबांची कोंबडी गावाच्या शिवेबाहेर, नाल्यापलीकडे जंगलात मोहाच्या झाडाखाली शिजणार होती. तिथला धूर गावाचा धरत नाहीत. तीन धोंड्यांवर रस्स्याचं मोठं गंज, आणि लाकूड म्हणून लटारूभाऊंच्या माणसांनी एक अख्खं धावड्याचं झाड आडवं केलं होतं. जंगल वाचवण्याच्या कार्यक्रमाला तेवढं लागतंच.

देवकाबाईच्या दारात मात्र लटारूभाऊ अडकले.

"मी पेटवीन," ती म्हणाली.

"देवकाबाई, समजून घे. गावाच्या इज्जतीचा सवाल हाये."

"माही नात येऊन राह्यली उद्या. आमच्या घरान्यात लेकरू पहिल्यांदा घरात आलं का पेटल्या चुलीपुढं नेते. चुलीले त्याचं नाव सांगते. थंड्या चुलीपुढं नेलं त घर लेकराले वळखत नाई. हरिदासाले तसंच आनलं, त्याच्या बापाले तसंच आनलं."

"मंग परवा आना तिले."

"लेकराले फाटकाबाहेर ठेवू का रातभर? आन् बाळंतिनीले काय शिळा भात वाढू? लटारूभाऊ, तुमी सरपंच हा, मान्य हाये. पन माह्या चुलीचे सरपंच नाई."

लटारूभाऊ गेले ते पाय आपटत. जाता जाता एवढंच म्हणाले, की निदान साहेब इकडच्या गल्लीत यायच्या आत विझव.

*

दुसऱ्या दिवशी गाव कोणी मेल्यागत थंड होतं. एका छपरातून धूर नाही, एका घरातून वास नाही. पोरं रडत होती, म्हातारे बिडीवाचून एकमेकांवर खेकसत होते. कुत्रीसुद्धा गोंधळून चुलीजवळ जाऊन हुंगून परत येत होती. मी सकाळी गार भातावर तिखट टाकून खाल्ला आणि दाताखाली वाजणारा प्रत्येक घास लटारूभाऊंच्या नावानं गिळला.

साहेबांची जीप आली. लटारूभाऊंनी हात जोडले आणि आभाळाकडे बोट केलं.

"पाहा साहेब. एक रेघ नाई धुराची."

साहेबांनी वर पाहिलं. निळंभोर आभाळ. "वा! वा! असं गाव मी पाहिलं नाही," ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. भर जेवणाच्या वेळी एकाही घरात काही शिजत नाही असं गाव कोणीच पाहिलं नसेल. ते गल्ल्यांतून फिरले. दारातूनच डोकावून चूल आहे ना, एवढं पाहायचे आणि कागदावर खूण करायचे. आमच्याकडे डोकावले तेव्हा कोंबडी खुडुक बसलेली होती. "चुलीत काय आहे?" त्यांनी विचारलं. माझी बायको म्हणाली, "पाखरू हाये साहेब, पर्यावरनाचं." साहेबांनी खूण केली.

आणि मग ते आमच्या भिंतीवरून वळले.

देवकाबाईचं छप्पर उकळत होतं. दुसरा शब्द नाही. बाळंतिणीसाठी तिनं भात, अळिवाची खीर, न्हाणीचं पाणी, सगळंच एकदम चढवलेलं. माळ्यावर कोंडलेला धूर एका नळीतून नाही तर छपराच्या प्रत्येक कवेलूखालून, फटीफटीतून, आढ्याच्या दोन्ही टोकांनी निघत होता.

"आग!" जीपचा ड्रायव्हर ओरडला. "घर पेटलं! पानी आना!"

साहेब दोन पावलं मागे सरले. सकाळपासून उपाशी असलेल्या गावाला काहीतरी करायला मिळालं. लोक कळशा, गुंड, बादल्या घेऊन धावले. इसरू तर वानरासारखा छपरावर चढला, त्यानं भराभर कवेलू काढले आणि वरून पाणी ओतलं. कवेलूंच्या जागी धुराचा एक भला मोठा लोट वर गेला आणि त्याच्या मागोमाग इसरूच्या हाताला काहीतरी लागलं.

"अरे, मासे हायेत इथी!"

त्यानं ताटी ओढली. ती कलंडली. छपरावरून तांबूस शिंगाडे आणि झिंगे खाली घसरले, साहेबांच्या चकचकीत बुटांवर पडले.

तेवढ्यात दारातून देवकाबाई बाहेर आली. हातात पळी. डोक्यावरून पाणी गळतंय.

"कोनाच्या बापाचं घर जळून राह्यलं रे?" तिनं असा आवाज लावला की इसरू छपरावरच बसला. "उतर खाली, मुडद्या! भरल्या चुलीवर पानी टाकतं? माही नात येऊन राह्यली आन् तू घर भिजवतं?"

"मावशे, धूर..."

"धूर माळ्यावर हाये! घरात नाई! या ना साहेब, आत येऊन पाहा. सारं गाव खोटं बोलून राह्यलं तुमच्याशी. तुमच्या चुलीवर मीच एकटी शिजवतो. या आत."

साहेबांनी दाराकडे पाहिलं. आमच्याकडची दारं बुटकी. आत जायचं तर कमरेत वाकावं लागतं. साहेबांनी आपल्या पॅन्टच्या घडीकडे पाहिलं. सारवलेल्या ओल्या उंबऱ्याकडे पाहिलं.

"आत कशाला, बाई?" ते म्हणाले. "धूर तर बाहेरूनच दिसतो आहे."

त्यांनी कागद काढला आणि देवकाबाईच्या नावावर आडवी रेघ मारली.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी ऐकलं होतं, त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. मी तोंड उघडणार होतो. पण आमच्या चुलीतली कोंबडी आठवली आणि मी तोंड मिटलं.

आणि त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी हरिदासची बैलगाडी येऊन थांबली.

गाडीत चंदा. मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली पोर. तिनं छपराकडे पाहिलं. सगळं गाव तिथे उभं, छप्पर उघडं आणि त्यातून धुराचे लोट. तिचा चेहरा एकदम विझला. हरिदासकडे वळून ती फार हळू बोलली, पण गाव गप्प होतं म्हणून सगळ्यांनी ऐकलं.

"मायची शपथ घेतली होती ना तुमी?"

चंदानं पोरीचं तोंड पदरानं झाकलं. "गाडी फिरवा. संध्याकायची एसटी हाये अजून."

देवकाबाई पाण्यानं निथळत गाडीशी आली. मघाची सगळी गर्जना गेली होती.

"जाजो," ती म्हणाली. "अडवत नाई तुले. पन एकडाव आत ये. आत येऊन मंग जा."

चंदानं पोरीचं दुपटं घट्ट केलं. मग उतरली. उंबऱ्याशी आली, वाकली आणि पोरीला छातीशी धरून आत गेली. श्वास रोखून गेली असावी, कारण आतून खोकलाही ऐकू आला नाही. साहेबसुद्धा पेन उघडं ठेवून उभे. देवकाबाई पळी दोन्ही हातांनी छातीशी धरून दाराशी उभी होती. मी तिला बाबुलाल गेला तेव्हाही अशी पाहिली नव्हती.

मग आतून चंदाचा आवाज आला.

"आत्याबाई, न्हानीचं पानी कढलं हाये. इसनाले थंड पानी कुठी ठेवता?"

देवकाबाईनं पळी तिथेच टाकली आणि वाकून आत गेली. जरा वेळानं भिंतीच्या फटीतून तिचा आवाज आला. चुलीशी बोलत होती ती, अगदी घरच्या माणसाशी बोलावं तसं, "ही आपली स्वाती. हरिदासाची लेक. वळखून ठेव बाई."

*

साहेब जेवले. कोंबडी अर्धी कच्ची होती, जंगलात वारा फार होता म्हणे. जेवता जेवता त्यांनी विचारलं, मघाशी बुटावर पडले ते काय होतं, वास छान येत होता. लटारूभाऊ धावत देवकाबाईकडे आले, पाहुण्यासाठी थोडे मासे मागायला. मला वाटलं आता पळी सरपंचाच्या डोक्यात बसते. पण नात घरात आलेली, त्या दिवशी तिला कोणाचा राग येत नव्हता. तिनं पळसाच्या पानात मासे बांधून दिले.

"नेजो म्हना साहेबाले. धूर नाई लागला ह्याले, असं सांगजा घरी."

सत्कार झाला. लटारूभाऊंनी सफारीवर हार घालून घेतला. काचेत मढवलेलं प्रमाणपत्र त्यांनी आपल्या घरात टांगलं, आल्यागेल्याला दिसावं म्हणून अगदी मधल्या खोलीत. त्या खोलीच्या मागच्या पडवीत त्यांच्या जुन्या तीन दगडांची चूल. पुढचा पावसाळा आला, लाकडं ओली झाली, आणि आखाड संपायच्या आत त्या काचेवर अशी काजळी चढली की सरपंचाचं नावही दिसेना. पुसलं की दोन दिवसांनी पुन्हा तेच. तालुक्याहून कोणी पाहुणा यायचा होता.

एक दिवस दुपारी सरपंचीणबाई पदराखाली काहीतरी झाकून देवकाबाईच्या दारात आल्या.

"एक काम होतं वं," त्या इकडेतिकडे पाहत म्हणाल्या. "हे तुमच्या भिंतीवर टांगू द्या. आमच्या घरी लय काळं होऊन राह्यलं. तुमच्या घरी धूर नाई ना. आन् डोमाले सांगून आमच्या घरीबी एक माळा..."

"काय हाये ते?" देवकाबाईनं विचारलं.

चंदानं पदर बाजूला करून काच पुसली. पोर तिच्या कडेवर होती, ती काचेतल्या आपल्या तोंडाकडे हात करत होती. चंदा वाचू लागली.

"चिचटोला, एक घर वगळता, संपूर्न धूरमुक्त गाव."

सरपंचीणबाईंनी मान खाली घातली. देवकाबाई हसली नाही, रागावलीही नाही. तिनं खुंटीवरचं जाळं काढून जागा केली.

"टांग वं चंदा. आलाच हाये आसऱ्याले त राहू दे बिचाऱ्याले. धुरात कायले मारता?"

आणि ताटीवरचे शिंगाडे पलटायला ती शिडीवर चढली.